कांदिवलीचं इंजिन, इंची माप आणि पुशरॉडची लांबी



आज पिकाचं नाही, लोखंडाचं लिहितोय. मे महिना म्हणजे आपल्याकडं इंजिन उघडायचा महिना. रब्बी उरकलेली असते, पाऊस लांब असतो, म्हणून धूर टाकणारी, तेल खाणारी जुनी ट्रॅक्टरं याच दिवसांत गॅरेजला लागतात. आपण मिस्त्रीला काय काय विचारतो? लायनर कुठल्या कंपनीचे, रिंग कुठली, बेअरिंग स्टँडर्ड का अंडरसाइज, बिल किती. एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. हेडला फेस मारून आणला, नवीन गॅस्केट टाकलं, आता पिस्टन वर आल्यावर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात अंतर किती राहिलं? आणि जुनाच पुशरॉड या नव्या मापाला बसतोय का?

या अंतराला मोठा इतिहास आहे, आणि आपल्या महाराष्ट्रापुरता तो बराचसा कांदिवलीतून जातो. तो माहीत असला की मोजायचं का आणि कसं, हे आपोआप कळतं.

आधी जीप, मग ट्रॅक्टर

1945 साली जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्या भागीत कंपनी काढली. नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद, धंदा पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. तोवर कंपनीनं मुंबईत विलीज जीपच्या जुळणीचं काम हातात घेतलं होतं.

त्या पहिल्या जीपचं इंजिन आपल्या विषयासाठी समजून घेण्यासारखं आहे. ते साइड-व्हॉल्व्ह इंजिन. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी उभे. कॅम खाली, त्याच्यावर टॅपेट, टॅपेटवर थेट व्हॉल्व्ह. पुशरॉड नाही, रॉकर नाही. हेड म्हणजे डब्याचं झाकण. व्हॉल्व्ह उघडतो तो सिलिंडरच्या बाजूच्या कप्प्यात, म्हणून पिस्टनशी त्याची गाठच पडत नाही. टायमिंग चुकलं तर गाडी चालू होणार नाही, पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार नाही.

पुढं विलीजनं 1953 मध्ये सीजे-3बी काढली. तिच्या इंजिनात आत हवा घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्येच राहिला. वरच्या व्हॉल्व्हला ढकलायला पुशरॉड आणि रॉकर आले. ही जीप महिंद्रानं आपल्याकडं कितीतरी वर्षं बनवली. जीपवर हात बसलेल्या मिस्त्रीला पुशरॉड भेटला तो इथं.

डिझेलला मात्र अशी अर्धी चाल चालत नाही. डिझेल पेटतं ते हवा दाबून तापवल्यामुळं. त्यासाठी हवा पंधरा-वीस पट दाबावी लागते. व्हॉल्व्हसाठी बाजूला कप्पा ठेवला तर तेवढी जागा रिकामी राहते आणि दाब तयार होत नाही. म्हणून डिझेलमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह हेडमध्ये, पिस्टनच्या बरोबर डोक्यावर. ताकद मिळाली, पण पिस्टन आणि व्हॉल्व्ह समोरासमोर आले.

डॉनकास्टरहून आकुर्ली रोडला

अमेरिकेतली इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी 1902 मधली, शिकागोची. तिचा इंग्लंडमध्ये डॉनकास्टर गावी ट्रॅक्टरचा कारखाना होता. तिथं 1958 मध्ये बी-275 हे मॉडेल निघालं. साधारण 35 हॉर्सपॉवर, चार सिलिंडर डिझेल.

आपल्या देशात तेव्हा ट्रॅक्टर बनतच नव्हते म्हटलं तरी चालेल. 1961 साली वर्षभरातलं उत्पादन हजाराच्याही आत होतं. आयशरनं 1959 मध्ये फरिदाबादला सुरुवात केली होती, मद्रासला टॅफेनं मॅसी फर्ग्युसन धरलं. 1963 मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास या तिघांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कारखाना कांदिवली पूर्वेला, आकुर्ली रोडवर. साठच्या दशकाच्या मध्यापासून तिथून बी-275 बाहेर पडू लागला.

पुढचं आपल्यापैकी जुन्या लोकांनी डोळ्यांनी बघितलंय. सुधारित बियाणं आलं, विहिरींवर इंजिनं आली. 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि गावात ट्रॅक्टरसाठी कर्ज मिळायला लागलं. 1977 मध्ये ही ट्रॅक्टर कंपनी महिंद्रातच विलीन झाली. 1983 पर्यंत महिंद्रा देशात सगळ्यात जास्त ट्रॅक्टर विकणारी कंपनी झाली होती. आणि डॉनकास्टरचा मूळ कारखाना? तो 2007 मध्ये बंद पडला. आईचं घर मोडलं, पण लेकीचं कांदिवलीतलं घर चालू राहिलं. आज आकुर्ली नावाचं मेट्रो स्टेशन झालंय. त्या मेट्रोनं जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की आपल्या बापजाद्यांची नांगरट या रस्त्यावरून निघालेल्या इंजिनांनी केली!

आता या इंजिनाचं माप बघू. मूळ बी-275 च्या इंजिनाचं नाव बीडी-144. हे 144 म्हणजे इंजिनाचं आकारमान, घन इंचात. बोअर 3⅜ इंच, स्ट्रोक 4 इंच, सिलिंडर चार. गुणाकार करून बघा, 143 च्या थोडं वर येतं. आपल्या मापात सांगायचं तर 2,345 सीसीच्या आसपास. हेच इंजिन सत्तरच्या दशकात एमडी-2350 या नावानं महिंद्राच्या डिझेल जीपमध्येही बसलं. म्हणून जुन्या मिस्त्री लोकांना जीप आणि ट्रॅक्टरचं काम एकाच हातानं करता येत होतं.

बीडी-144 मध्ये डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटायचं आणि तिथून सिलिंडरमध्ये यायचं. पुढं डीआय आलं, म्हणजे डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत. मॉडेल बदललं, सिलिंडर बदलले, पण मापात वंश दिसतो. आजच्या 275 डीआय टीयूचा बोअर 88.9 मिलिमीटर आणि स्ट्रोक 110. तीन सिलिंडर मिळून 2,048 सीसी. हा 88.9 आकडा असा विचित्र का? कारण तो बरोबर साडेतीन इंच आहे. बीडी-144 चा मोठा भाऊ बीडी-154, त्याचा बोअरही साडेतीन इंचच होता.

इंचाचा घोळ अजून चालूच आहे

बी-275 इंग्लंडात निघाला 1958 मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या देशात किलो, मीटर ही दशमान मापं लागू व्हायला सुरुवात झाली. म्हणजे इंजिन इंचात जन्मलं आणि ज्या देशात आलं तो देश मिलिमीटरकडं निघाला होता. हा इतिहास आजही मिस्त्रीच्या पेटीत सापडतो. जुन्या मिस्त्रीकडं पान्यांचे दोन संच असतात, इंची आणि एमएम. फिलर गेजच्या पात्यांवरही दोन आकडे असतात.

घोळ होतो तो तोंडी हिशोबात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिलिमीटर. कुणी म्हणतं, "टॅपेट वीस ठेव." वीस काय? वीस थाऊ म्हणजे 0.508 मिलिमीटर. आणि फिलर गेजवरचं 0.20 चं पातं म्हणजे आठ थाऊ. अडीच पट फरक. जुन्या पुस्तकात इंच, नव्या पुस्तकात एमएम, आणि मधे तोंडी सांगणारा माणूस. म्हणून माझं म्हणणं असं की आकडा सांगताना माप सांगितल्याशिवाय तो आकडा धरायचाच नाही. आणि इंजिन गरम असताना का थंड असताना, तेही विचारायचं. पुस्तकात ते लिहिलेलं असतं.

उरलेली जागा किती, हिशोब करू

275 डीआय टीयूचा एक सिलिंडर धरा. 88.9 बोअर, 110 स्ट्रोक, म्हणजे 683 सीसी. हिशोबापुरतं मानू की कॉम्प्रेशन रेशो 17 आहे. म्हणजे पिस्टन पूर्ण वर गेल्यावर हवेला जागा उरते 683 भागिले 16, साधारण 43 सीसी. अर्ध्या कप चहापेक्षाही कमी. त्यातली बरीचशी जागा पिस्टनच्या वाटीत आहे. म्हणजे पिस्टनचा सपाट भाग आणि हेड यांच्यात उरतं ते मिलिमीटरच्या आसपास.

आता हेड तापून वाकडं झालं, लेथवाल्यानं अर्धा मिलिमीटर फेस मारला. बोअरच्या क्षेत्रफळाला अर्ध्या मिलिमीटरनं गुणलं तर 3.1 सीसी होतात. हेडचा तळ सपाट धरून या हिशोबानं 43 चे 40 उरले आणि रेशो 17 वरून 18 च्या वर गेला. पण सीसी आणि रेशोपेक्षा मोठी गोष्ट ही, की हेडचा तळ पिस्टनच्या अर्धा मिलिमीटर जवळ आला. जिथं मुळात एकच मिलिमीटर होता तिथं हा निम्मा हिस्सा आहे. ब्लॉकलाही फेस मारला असेल तर तो वेगळा. गॅस्केट पातळ मिळालं असेल तर तोही वेगळा.

कारखान्यात ब्लॉक, हेड, पिस्टन, पुशरॉड सगळे एकाच ड्रॉइंगचे असतात. तिथं प्रत्येक इंजिनाला मेणमाती लावून बघायची गरज नाही. आपल्या गावात मात्र एकच इंजिन चाळीस वर्षं चालतं, चार-पाच वेळा उघडतं, प्रत्येक वेळी दुसऱ्या लेथवर जातं. प्रत्येक फेसिंगनंतर ते कांदिवलीच्या ड्रॉइंगपासून थोडं लांब जातं. म्हणून पुस्तकातला आकडा लक्ष्य म्हणून ठेवायचा. आपल्या इंजिनात आज किती आहे ते मोजूनच कळणार.

फसवणारी जागा: दुसरा टीडीसी

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. म्हणजे पिस्टन दोनदा पूर्ण वर येतो. एकदा कॉम्प्रेशनला, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद. दुसऱ्यांदा धूर बाहेर टाकून झाल्यावर. या दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट बंद होत असतो आणि आत हवा घेणारा उघडायला लागलेला असतो. दोन्ही थोडे थोडे उघडे, आणि पिस्टन डोक्यावर. गाठ पडायची ती इथंच. वर येणाऱ्या पिस्टनच्या पुढं एक्झॉस्ट पळत असतो आणि खाली जाणाऱ्या पिस्टनच्या मागं इनटेक लागलेला असतो. म्हणून सगळ्यात कमी अंतर बरोबर टीडीसीला नसून त्याच्या काही अंश अलीकडं-पलीकडं असतं.

टॅपेट आपण कॉम्प्रेशनच्या टीडीसीला लावतो. तिथं सगळं छान दिसतं. म्हणून "फिरवून बघितलं, कुठं अडत नाही" एवढ्यावर समाधान मानायचं नाही. दोन पूर्ण फेऱ्या फिरवल्याशिवाय इंजिन तपासलं असं होत नाही. आणि हातानं फिरवताना न अडणं म्हणजे अंतर पुरेसं आहे असंही नाही. कागदाएवढी फट असली तरी अडत नाही. कामावर इंजिन तापल्यावर, गरके वाढल्यावर, बेअरिंगची ढिलाई आणि कार्बन धरल्यावर तेवढी फट संपते.

टायमिंगचा एक दात चुकला तर काय होतं तेही बघा. क्रँकच्या गिअरला 24 दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे 15 अंश. चार इंच स्ट्रोकच्या इंजिनात टीडीसीनंतर 15 अंशात पिस्टन जेमतेम दोन-सव्वादोन मिलिमीटर खाली सरकतो. म्हणजे पिस्टन अजून वरच रेंगाळतोय आणि व्हॉल्व्ह 15 अंश आधीच खाली आलाय.

पुशरॉडची लांबी कधी बदलते?

पुशरॉड स्वतः लांब होत नाही. त्याच्या आजूबाजूचं माप बदलतं. कॅम ब्लॉकमध्ये, रॉकर हेडवर. हेड अर्धा मिलिमीटर खाली आलं की रॉकर कॅमच्या अर्धा मिलिमीटर जवळ आला. म्हणजे तोच पुशरॉड आता अर्धा मिलिमीटर लांब झाल्यासारखा. रॉकरचा स्क्रू मागं घेऊन आपण टॅपेट बरोबर करतो. एकदा चालतं, दोनदा चालतं. पण स्क्रूला मर्यादा आहे. स्क्रू पूर्ण मागं येऊनही फिलर गेज जात नसेल तर व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो. कॉम्प्रेशन जातं, व्हॉल्व्ह जळतो.

उलटं, जाड गॅस्केट टाकलं किंवा दुसऱ्या मॉडेलचा आखूड पुशरॉड आला तर स्क्रू फार बाहेर काढावा लागतो. दोन-चार आटे कसेबसे धरलेले राहतात, लॉकनट ढिला होतो.

सीट कापल्यानं वेगळंच होतं. व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, म्हणून त्याची दांडी वर जास्त निघते. पिस्टनपासूनचं अंतर वाढतं, ते चांगलं. पण दांडीचं टोक वर आल्यानं रॉकरची घासायची जागा सरकते. रॉकर दांडीला बाजूला रेटतो, गाइड झिजते, तेल खाली उतरतं आणि निळा धूर सुरू होतो. नवीन रिंग टाकूनही निळा धूर जात नाही, त्यातल्या काही इंजिनांचं मूळ इथं असतं.

आपल्या ट्रॅक्टरांना रॉकर शाफ्टवर असतो आणि शाफ्ट स्टँडवर. म्हणून दोन खुणा वेगळ्या वाचायच्या. दांडीच्या टोकावरचा घासल्याचा पट्टा मधे आहे का, यावरून स्टँड आणि व्हॉल्व्हची उंची जुळते का ते कळतं. रॉकरच्या स्क्रूचे किती आटे बाहेर आहेत, यावरून पुशरॉडची लांबी जुळते का ते कळतं.

इथं एक सोपा हिशोब लक्षात ठेवा. हेड अर्धा मिलिमीटर फेस झालं. व्हॉल्व्हची खोली पहिल्यासारखी ठेवायला सीट अर्धा मिलिमीटर कापली. रॉकर स्टँडखाली अर्धा मिलिमीटर पॅकिंग टाकलं. आता कॅम, पुशरॉड, रॉकर, दांडीचं टोक सगळे एकमेकांपासून पहिल्याच अंतरावर आले. फक्त पिस्टन आणि हेडमधलं अंतर कमी झालेलं राहिलं, ते वेगळं मोजायचं. जाड गॅस्केट मिळालं तर सीट न कापताच सगळं एकदम जागेवर येतं. पॅकिंग टाकताना स्टँडमधून तेल वर जायचं भोक असेल तर पॅकिंगलाही भोक पाडायचं, नाहीतर रॉकर कोरडे चालतील. आणि पुशरॉडची टोकं कठीण केलेली असतात. ती ग्राइंडरवर घासून आखूड करायची नाहीत. वरचा कठीण थर गेला की महिन्याभरात खड्डा पडतो.

मोजायचं कसं

हे कुठल्याही गॅरेजमध्ये होतं. लागतं काय? मुलांची खेळायची क्ले, सोल्डरची तार, व्हर्नियर, ब्लेड, काचेचा तुकडा. डायल गेज असेल तर उत्तम.

पहिलं, इंजिन खोलायच्या आधी लिहून ठेवा. रॉकरच्या स्क्रूचे किती आटे बाहेर होते, जुनं दाबलेलं गॅस्केट किती जाड होतं, हेडची जाडी किती. लेथवरून आल्यावर परत मोजा. किती गेलं हे लेथवाल्याच्या अंदाजावर सोडू नका.

दुसरं, पुशरॉड काचेवर लोळवा. खाली उजेड दिसला तर वाकलेला. मग सगळे एकत्र उभे करून उंची बघा. एखादा आखूड असेल तर त्याचं टोक झिजलंय किंवा तो दुसऱ्या इंजिनाचा आहे. वाकलेला पुशरॉड नुसता बदलायचा नाही, तो का वाकला ते शोधायचं. व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकला किंवा पिस्टनला लागला, यातलं काहीतरी असतं. घरच्या फ्यूजसारखं आहे ते. फ्यूज उडाला की आपण वायर बघतो, तसंच.

तिसरं, पिस्टन आणि हेड. हेड नसताना पिस्टन पूर्ण वर आणून तो ब्लॉकच्या वर किती येतो ते डायलवर बघा. मग पिस्टनवर दोन-तीन ठिकाणी सोल्डर तारेचे तुकडे ग्रीसनं चिकटवा. तार पिस्टन पिनच्या रेषेत ठेवा, म्हणजे पिस्टन डुलल्याचा फरक येत नाही. हेड कसा, एकदा फिरवा, खोला, चपटी झालेली तार मोजा. विहिरीवरच्या एकसिलिंडर इंजिनांना आपले पंपवाले मिस्त्री हे पूर्वीपासून करतात, त्याला बंपिंग क्लिअरन्स म्हणतात. ट्रॅक्टरलाच का करत नाहीत, हे मला कोडं आहे.

चौथं, पिस्टन आणि व्हॉल्व्ह. पिस्टनवर व्हॉल्व्हच्या जागी क्ले लावा, बोटाच्या पेराएवढी जागा, चार-पाच मिलिमीटर जाड. व्हॉल्व्हला तेल लावा म्हणजे क्ले चिकटणार नाही. त्याच जाडीचं वापरलेलं गॅस्केट टाकून हेड टॉर्क पान्यानं पूर्ण कसा. पुशरॉड, रॉकर बसवा, टॅपेट पुस्तकाप्रमाणं लावा. इंजेक्टर काढलेलेच ठेवा. आता क्रँकच्या नटाला पाना लावून हळूहळू दोन पूर्ण फेऱ्या. कुठं कडक लागलं तर जोर लावू नका, तिथंच थांबा. हेड उचला, क्ले ब्लेडनं कापा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा. ती तुमची खरी फट.

किती हवी? ती तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात बघा. इंजिनागणिक वेगळी असते, दुसऱ्या मॉडेलचा आकडा लावू नका. काही इंजिनांना पिस्टन किती वर येतो त्यावरून वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट मिळतात, दुकानदाराला विचारा.

न मोजल्याची किंमत

आमच्या शिवारातल्या एका जुन्या चार सिलिंडर ट्रॅक्टरची गोष्ट सांगतो. मालकाचं आणि गॅरेजचं नाव नको. हेड दोन वेगवेगळ्या वर्षी फेस झालेलं, त्या मे महिन्यात ब्लॉकही फेस झाला. इंजिन चालू झालं, बारीक टिक-टिक येत होती. "टॅपेट आहे" म्हणून टॅपेट थोडे ढिले केले. आवाज कमी झाला. आता कमी का झाला ते बघा. टॅपेट ढिला केला की व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, म्हणून पिस्टनला लागणं कमी झालं. रोग तसाच राहिला, फक्त आवाज दबला. तिसऱ्या दिवशी रोटाव्हेटरवर एक पुशरॉड वाकला आणि इंजिन मिस मारायला लागलं. हेड उचललं तर तीन पिस्टनवर नखाएवढ्या चमकत्या चंद्रकोरी. व्हॉल्व्हच्या कडेचे ठसे ते.

मग क्ले लावून मोजलं, सीट कापल्या, जाड गॅस्केट शोधून आणलं. काम झालं, पण त्यात आठ-नऊ दिवस गेले. तेवढ्यात मृगाचा पाऊस होऊन वापसा आला आणि गेलाही. भाड्याचं ट्रॅक्टर त्या दिवसांत कुणाला मिळतंय? सोयाबीन मागं पडलं ते शेवटपर्यंत मागंच राहिलं. क्ले दहा-वीस रुपयांची आणि मोजायला अर्धा दिवस.

कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले मित्र हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षणाची संस्था 1955 पासून आहे. म्हणजे ट्रॅक्टर कांदिवलीत बनायच्या आधी शिकवायची सोय झाली होती. आपल्या तालुक्यातल्या मेळाव्यांत नवीन अवजारं दाखवतात, चांगलंच आहे. त्यात एक तास जुनं इंजिन उघडून मोजायलाही द्या. तालुक्यातले मिस्त्री, लेथवाले बोलवा. त्यांचा हात चांगलाच असतो, फक्त मोजून लिहून ठेवायची पद्धत पडलेली नाही.

आणि शेतकऱ्यांनो, इंजिन कामाच्या पावतीमागं हे पाच आकडे लिहून घ्या: हेड किती फेस केलं, ब्लॉक किती, गॅस्केटची जाडी, पिस्टन आणि हेडमधली फट, पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली फट. पुढच्या वेळी दुसरा मिस्त्री असेल, कदाचित ट्रॅक्टर तुमचा मुलगा चालवत असेल. पावती ट्रॅक्टरच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. ज्यांच्याकडं बी-275 चं जुनं इंची मापाचं पुस्तक अजून आहे, त्यांनी ते रद्दीत देऊ नका. त्याचे फोटो काढून गावातल्या मिस्त्रीला द्या.